बोर्डावर ‘कूलंट मरा’ आलं तेव्हा

आमचं शॉप भोसरी एमआयडीसीत. मशिनिंगच्या दोन लाइनी, कोपऱ्यात वेल्डिंग बे, डोक्यावर पाच टनी क्रेन. इथे मेंटेनन्सला माझं हे ११वं वर्ष. टार्गेट (किती नग काढायचे) आणि ॲक्चुअल (किती निघाले) आम्ही इतकी वर्षं पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहायचो. सुपरवायझरने दर तासाला आकडा लिहायचा आणि जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पाठ टेकून तो पुसून टाकायचा, असं चाललेलं. मागच्या एप्रिलमध्ये साहेबांनी एलईडी बोर्ड घ्यायचं ठरवलं. आठ महिने झाले वापरतोय. दोघा-तिघांनी विचारलं, “घ्यावा का?” म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सप्लायरचं नाव घालत नाही. माणसं वाईट नाहीत, आणि बाजारात मिळणारे असले बहुतेक बोर्ड आतून सारखेच असतात.

आत असतं काय? पी-टेनची मॉड्यूलं. दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर म्हणून पी-टेन. एक मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचं, त्यात ३२ आडवे आणि १६ उभे, म्हणजे ५१२ एलईडी. आमचा बोर्ड सहा मॉड्यूल लांब आणि दोन उंच. म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय एक फूट, सगळा लाल. मागे पाच व्होल्टचे दोन एसएमपीएस (बोर्डाला वीज पुरवणारे डबे), ४० अँपिअरचे. आकडे पीएलसीकडून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडून, आरएस-४८५ वायरने येतात, त्यांची आपसातली बोली मॉडबस, मेसेज मोबाइलच्या ॲपवरून टाकायचे. किंमत ५५ हजार, वर जीएसटी.

बसवायला गुरुवार धरला, कारण पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. दोन पोरं आली, ड्रिल घेऊन. शिडी आमची, केबल आमची, एमसीबी आमचा. कोटेशनमध्ये ‘इन्स्टॉलेशनसह’ असं लिहिलं होतं, त्याचा अर्थ त्या दिवशी समजला. त्यांना बोर्ड छपराच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे ट्रसला, साखळीने टांगायचा होता. क्रेन चालली की आमचा ट्रस बारीक थरथरतो, त्यामुळे मी कॉलमला ब्रॅकेट मारायला लावला. ऐकलं बिचाऱ्यांनी.

सगळे ठिपके पेटवून टेस्ट घेतली तर उजवीकडची चार मॉड्यूलं मलूल. मीटर लावला. डाव्या टोकाला ४.९ व्होल्ट, उजव्या टोकाला ४.३. सप्लायची वायर एका मॉड्यूलवरून दुसऱ्यावर अशी नेलेली, आणि तीही करंगळीच्या नखाएवढ्या लग्सवर पातळ वायर. पाच व्होल्टवर करंट जास्त असतो, तिथे पातळ वायर चालत नाही. उजव्या एसएमपीएसवरून जाड वायरचा वेगळा फीड दिला आणि बोर्ड एकसारखा उजळला. पोरांनी हा जोड दुकानातच करून आणायला हवा होता.

मग पीएलसी जोडला. बोर्ड सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला आमचं ४८० नगांचं टार्गेट पूर्ण! ॲक्चुअलच्या जागी ४८०, टार्गेटची जागा रिकामी. हा घोळ मॉडबसवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेला आहे. पुस्तकात रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचं घर, ४०००१ लिहिलेलं असतं, पण वायरवरून जाताना त्याचा पत्ता शून्य असतो. आम्ही पीएलसीत एक टाकला, म्हणून टार्गेटचा आकडा शेजारच्या घरात जाऊन बसला. दोन मिनिटांचं काम, पण बोर्डाच्या पुस्तकात एक ओळ असती तर तेवढंही लागलं नसतं.

खरा त्रास पुढच्या आठवड्यात. दुपारी आकडा मध्येच गोठायचा, दहा-पंधरा सेकंदांनी उडी मारून पुढे जायचा. सप्लायर फोनवर म्हणे, “तुमच्या वेल्डिंगचा नॉइज असेल.” असेलही. केबल शील्डवाली होती, पण व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलच्या ट्रेमधूनच नेलेली. ती वेगळी केली. फरक पडला, पण पूर्ण नाही. शेवटी सगळं बंद करून ए आणि बी या दोन वायरींत मीटर लावला. आरएस-४८५च्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे मीटरवर ६० दिसायला हवेत. दिसले ४०. म्हणजे तिसरा रेझिस्टर कुठेतरी दडलेला. बोर्ड या वायरच्या टोकाला नाही, मध्ये आहे, पुढे दुसऱ्या मशिनिंग लाइनचं डिस्प्ले मीटर आहे. बोर्डाच्या कंट्रोल कार्डावर तो रेझिस्टर जोडणारा एक जंपर (छोटी जोडपिन) कारखान्यातूनच लावून आलेला. तो काढला. तेव्हापासून आकडा गोठलेला नाही. असला बोर्ड घ्याल तर मीटर घेऊन ही तपासणी पहिल्याच दिवशी करा, आठवडा वाचेल.

आकड्यांच्या बाबतीत आता तक्रार नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाहून, साधारण सव्वाशे फुटांवरून, ऑपरेटर मान वर करून वाचतो. मोबाइलवर फोटो काढला की पट्टे दिसतात, त्यावरून साहेबांनी मला एकदा झापलं. ठिपके सगळे एकाच वेळी पेटत नाहीत, ओळी आळीपाळीने पेटतात, डोळ्याला ते कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, हे समजावल्यावर शांत झाले.

आता मराठी. डेमोला सप्लायरने ‘WELCOME’ फिरवून दाखवलं होतं. मराठी मेसेज दाखवा म्हणायचं आम्हाला सुचलं नाही, आमचीच चूक. आमच्याकडे निम्मी पोरं बिहार-यूपीची, बाकीची नांदेड, बीड, सोलापूरकडची. भाषा दोन असल्या तरी लिपी एकच, म्हणून मेसेज देवनागरीत हवा होता. वरच्या ओळीत आकडे, खालच्या ओळीत मेसेज, अशी मांडणी ठरलेली. खालच्या ओळीला उंची किती? १६ ठिपके. इंग्रजीला ते भरपूर. देवनागरीत मात्र डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार यांना चार ठिपके द्या, पायाशी उकाराला चार द्या, अक्षराच्या अंगाला उरले आठ. आठ ठिपक्यांत घ आणि ध एकच दिसतात, ष आणि प एकच दिसतात. आणि भ आणि म.

मी हौसेने पहिला मेसेज टाकला, ‘कूलंट भरा’. बोर्डावर आलं ‘कूलंट मरा’. लाल भडक अक्षरांत, सकाळच्या शिफ्टला, सगळ्यांसमोर. व्हीएमसी मशीनवरचे काका टोपी काढून म्हणाले, “साहेब, आमचं काय चुकलं?” दोन दिवस शॉपमध्ये दुसरा विषय नव्हता.

ॲपमध्ये निदान अक्षरं जुळलेली तरी येत होती, कारण फोन मजकुराचं चित्र करून पाठवतो. कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमधून टाकलं तर त्याहून मजा. ‘शिफ्ट’ची वेलांटी श सोडून फ ला चिकटायची, ‘हेल्मेट’मधला ल पाय मोडून वेगळा उभा. सप्लायरला स्क्रीनचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, “फॉन्ट बदलून बघा.” फॉन्ट बदलून काय होणार? जोडाक्षर जुळवायची अक्कलच त्या सॉफ्टवेअरला नाही, आणि बोर्डाच्या कार्डात तर फक्त इंग्रजी अक्षरं भरलेली. पीएलसीने ‘मशीन बंद’ असा मजकूर पाठवला तर कार्ड तो काढणार कशातून?

यावर तोडगा आमच्या ट्रेनी मुलीने काढला, डिप्लोमाची पोरगी. दोन ओळींचा हट्ट सोडायचा. मेसेजसाठी पूर्ण ३२ ठिपक्यांची उंची वापरायची आणि आकडे व मेसेज आळीपाळीने दाखवायचे, आकडे आठ सेकंद, मेसेज चार. मेसेज पण पळवायचा नाही, चार-पाच शब्दांत स्थिर ठेवायचा. तिने १९२ बाय ३२ ठिपक्यांची २२ चित्रं कॉम्प्युटरवर बनवली. ‘कूलंट भरा’, ‘हातमोजे घाला’, ‘टूल बदला’, ‘लाइन २ थांबली, क्यूसीला बोलवा’ अशी. ती कार्डात पान नंबर देऊन भरली. पीएलसी आता मजकूर पाठवतच नाही, फक्त पान नंबर एका रजिस्टरमध्ये टाकतो. काही अक्षरांचे ठिपके तर तिने हाताने हलवले. भ ची गाठ स्पष्ट दिसावी म्हणून तिने आतला एक ठिपका विझवून ठेवलाय. आता भ हा भ वाटतो. ही सोय कार्डात आधीपासून होती, सप्लायरने कधी सांगितलीच नाही.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. केबल आत शिरते ती ग्लँड बसवणाऱ्या पोरांनी पेटीच्या डोक्यावर घेतली होती. जूनच्या पहिल्या पावसात पत्र्यातून पाणी ठिबकलं, केबलवरून ओघळत आत गेलं आणि एक एसएमपीएस खलास. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन नवा आणला, सोबत दोन मॉड्यूलंही सुटी घेतली. हा या बोर्डाचा मोठा फायदा, सामान कुठेही मिळतं. आता ग्लँड खालून आहे आणि केबलला आत शिरण्याआधी खाली एक वळसा ठेवलाय.

ॲपचा वायफाय पासवर्ड आठ वेळा आठ, सगळ्यांनाच ठाऊक. एका रात्रपाळीला बोर्डावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकल्या. पासवर्ड बदलला. शुभेच्छा कुणाच्या होत्या ते शॉपमध्ये सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून. रात्री पूर्ण उजेड डोळ्यांत खुपतो, तेव्हा वेळेनुसार मंद करायची सेटिंग आहे, ती लावा. आणि लाइट गेली की घड्याळ २००० सालात जायचं. कार्डावरचा सेल मेलेला निघाला, नवा घातला.

पुन्हा घ्यायचा झाला तर लाल-हिरवा घेईन. सगळंच लाल असलं की ‘लाइन चालू’ही लाल आणि ‘लाइन थांबली’ही लाल. पहिल्या महिन्यात पोरं दचकून बघायची, आता दचकत नाहीत.

गुण द्यायचे तर आकड्यांना दहापैकी आठ, बसवण्याला चार, मराठीला त्यांनी जसं दिलं तसं दोन. बिलातले शेवटचे १० टक्के मी अडवून ठेवलेत. सप्लायरचा दर सोमवारी फोन येतो. मी म्हणतो, तुमच्या सॉफ्टवेअरमधून ‘शिफ्ट’ नीट लिहून दाखवा आणि पैसे घेऊन जा. पुढच्या अपडेटमध्ये होईल म्हणतात. परवा अपडेट आलं. वेलांटी श वर परत आली, पण आता ट गायब आहे.