अडकला होता लहान मोजा, बदलला बोर्ड

सांगलीत विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमधला हा प्रकार. फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेली वॉशिंग मशीन, वॉरंटी संपलेली. धुणं अर्ध्यात थांबलं, ड्रममध्ये पाणी तसंच, दार उघडेना आणि डिस्प्लेवर पाणी निघत नसल्याचा कोड. घरातल्या काकूंनी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि ‘सांगली सर्व्हिस सेंटर’ असं टाकलं आणि जो नंबर सगळ्यात वर आला तो लावला. थोड्याच वेळात माणूस हजर. गळ्यात ओळखपत्र, शर्टावर कंपनीचं चिन्ह. मशीन पुढं ओढली, खालचा फिल्टर काढला, आत काडी घालून काहीतरी फिरवलं आणि निकाल दिला, “काकू, ड्रेन मोटर जाम झालीय. आणि जाताना बोर्डपण घेऊन गेलीय.”

व्हिजिटचे ४५०, ड्रेन मोटर म्हणजे पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचे २,२००, मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे ५,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ९,९७१ रुपये. “जुने पार्ट कंपनीला जमा करावे लागतात,” म्हणत जुना बोर्ड बॅगेत टाकला. काम चालू असताना काकूंना चहा करायला आत पाठवलं होतं, हेही इथं नोंदवून ठेवायला हवं.

काही दिवसांनी मशीन पुन्हा तिथंच अडली. दिलेला नंबर लागेना. दुसऱ्या, ओळखीतल्या मेकॅनिकनं मागचं आणि खालचं उघडलं तेव्हा सगळा उलगडा झाला. पंप बदललेलाच नव्हता. पंपाच्या लेबलवर छापलेलं उत्पादनाचं वर्ष मशीनच्याच वर्षाचं, त्याच्या तोंडाशी बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार धरलेला आणि स्क्रूंच्या खाचांत धूळ बसलेली. बोर्ड मात्र खरंच बदलला होता, पण तो नवा नव्हता. बोर्डावर ओल लागू नये म्हणून पारदर्शक जेलीसारखा थर ओतलेला असतो. तो एका रिलेच्या, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचच्या, भोवती खरवडलेला होता आणि तिथं हातानं डाग दिल्याच्या खुणा होत्या. म्हणजे काकूंचा चांगला बोर्ड गेला आणि त्याच्या जागी दुरुस्त केलेला आला. खरा दोष निघाला तो ड्रम आणि फिल्टर यांच्यामधल्या जाड रबरी नळीत अडकलेला लहान बाळाचा मोजा. पहिल्या माणसानं फिल्टरमधला गाळ काढल्यामुळं मोज्याच्या कडेनं थोडं थोडं पाणी निघत राहिलं, म्हणून काही दिवस मशीन चालली.

या बिघाडात फसवणं सोपं जातं त्याला कारण आहे. डिस्प्लेवरचा कोड एवढंच सांगतो की ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. एलजीत तो ‘ओई’ असतो, सॅमसंगमध्ये ‘५सी’ किंवा जुन्यांत ‘५ई’, जुन्या बॉशमध्ये ‘ई१८’. का गेलं नाही, ते कोडला कळत नाही. पाईप मुडपला तरी तोच कोड, मोजा अडकला तरी तोच आणि बोर्ड गेला तरी तोच. फुकटात निघणारा दोष आणि पाच-सहा हजारांचा दोष बाहेरून सारखेच दिसतात, आणि मधला फरक काय लावायचा ते समोरच्याच्या सचोटीवर सुटतं.

आता त्यानं काडी घालून फिरवलं त्याबद्दल. फिल्टर काढल्यावर आत पंपाचा छोटा पंखा दिसतो. “बघा कसा अडखळतोय” असं म्हणून तो फिरवून दाखवतात आणि बघणाऱ्याला पटतंही. पण घरातल्या विजेवर थेट चालणाऱ्या साध्या एसी ड्रेन पंपाचा चांगला पंखा अडखळतच फिरतो. आत चुंबकाचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग असतो, तो प्रत्येक टप्प्याला धरतो आणि सोडतो. शिवाय बऱ्याच पंपांत पंख्याला सुमारे अर्ध्या फेऱ्याची ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते, सुरू होताना मोटरला मोकळीक मिळावी म्हणून. तीच दाखवून “पंखा लूज झालाय” म्हणणारेही आहेत. काळजीची लक्षणं वेगळी. पंखा भिंगरीसारखा जराही न धरता गरागरा फिरला तर रोटरपासून सुटलेला असू शकतो. अजिबातच हलला नाही तर दोरा, केसांची पिन किंवा ब्रेसिअरची तार अडकलेली असते, आणि ती बहुतेक वेळा चिमट्यानं निघते.

बोर्डाचं तर विचारूच नका. बोर्ड गेला म्हणायला काही दाखवावं लागत नाही, म्हणून तो जास्तीत जास्त वेळा ‘जातो’. खरं तर याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. मशीन ड्रेनवर असताना पंपाच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावायचा. २२० ते २३० व्होल्ट येत असतील तर बोर्ड पंपाला वीज देतोय, ड्रेनसाठी तो बदलायचं कारण नाही. व्होल्टेज येतंय आणि पंप हूं की चूं करत नाही, तर प्लग काढून पंपाची कॉईल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी मोजायची. साध्या एसी पंपात बहुतेक १०० ते २०० ओहमच्या दरम्यान आकडा येतो. मीटरवर काहीच आकडा येत नसेल तर कॉईल तुटली, पंप बदला. व्होल्टेज येतच नसेल तर बोर्डाआधी वायर बघायची, कारण फ्रंट लोडचा तळ बऱ्याचदा उघडा असतो आणि उंदीर पंपाचीच वायर आधी कुरतडतो. तेवढा जोड मारला की काम होतं. काही नव्या इन्व्हर्टर मॉडेलांत डीसी पंप असतो, तिथं हे आकडे लागू नाहीत, पण ‘मोजून दाखवा’ हे तिथंही लागू आहे. चालू विजेवरचं हे मोजमाप घरच्यांनी करायचं नाही, ते मेकॅनिकचं काम. घरच्यांनी फक्त शेजारी उभं राहायचं. ज्याच्या बॅगेत मल्टिमीटरच नाही त्याला बोर्ड गेला म्हणायचा अधिकार नाही.

सांगलीत याच्या जोडीला पुराचं निमित्तही सापडतं. २०१९ किंवा २०२१ ला घरात पाणी शिरलं होतं असं कळलं की “तेव्हाच बोर्डाला ओल लागलीय” हे वाक्य तयार असतं. ओल लागली असेल तर तांब्याच्या रेषांवर हिरवट गंज दिसतो, कनेक्टरच्या पिना काळ्या पडलेल्या असतात. ते डोळ्यांनी दिसतं, त्यामुळं दाखवायला सांगा. बऱ्याच फ्रंट लोडमध्ये मुख्य बोर्ड वरच्या झाकणाखाली असतो. गुडघाभर पाणी तिथवर जात नाही.

कुणाला बोलवायच्या आधी घरी काय बघायचं ते आता. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळ बंद करा. गरम पाण्याचा प्रोग्राम होता तर पाणी निवेपर्यंत थांबा. मग मागचा ड्रेन पाईप बघा. मशीन भिंतीला टेकली असेल तर तो हमखास दबलेला असतो. फ्रंट लोडमध्ये पाईपचं तोंड जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर हवं. त्याहून वर नेलं तर पंपाला पाणी चढवणं जड जातं, फार खाली सोडलं तर भरतानाच पाणी वाहून जातं. ड्राय बाल्कनीतून न्हाणीपर्यंत पाईप पुरत नाही म्हणून प्लंबर दुसरा बारीक पाईप जोडून देतात, तिथं पाणी तुंबतं. झुरळं येतात म्हणून पाईप न्हाणीच्या जाळीत घालून भोवती सिमेंट किंवा चिंध्या ठासलेल्याही दिसतात. पाईपच्या भोवती हवा जायला जागा हवी आणि त्याचं तोंड सांडपाण्यात बुडालेलं नको. पाईप काढून बादलीत सोडला, प्लग लावून ड्रेन चालवला आणि पाणी धडधड आलं तर दोष न्हाणीच्या लाईनचा. तिथं मेकॅनिक बोलवून उपयोग नाही.

पाईप ठीक असेल तर फिल्टर. पुढं खाली, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, छोटं झाकण असतं. त्यामागं गोल फिल्टर आणि काही मॉडेलांत शेजारी बुच लावलेली बारीक नळी. आत दहा-पंधरा लिटर पाणी असू शकतं आणि झाकण जमिनीलगत, त्यामुळं बादली बसत नाही. परात किंवा उथळ ट्रे लागतो. नळी असेल तर तिनं आधी पाणी काढा, परात भरली की बुच लावा, ओता, पुन्हा लावा. नळी नसेल तर फिल्टर डावीकडं थोडासाच फिरवा, पाणी झिरपू लागलं की थांबा, परत आवळा. एकदम उघडलात तर खोलीभर पाणी. फिल्टर अडला म्हणून पकडीनं जोर लावू नका, मूठ तुटते आणि तिथून खरा खर्च सुरू होतो. बाहेर काय काय निघतं: दोन-पाचची नाणी, शर्टाची बटणं, ओढणीचे गोंडे, गुटख्याच्या पुड्या, टॉवेलच्या धाग्यांचा ओला गोळा. मग टॉर्चनं आत बघा, पंखा लाकडी काडीनं हलवा. ड्रमकडून येणाऱ्या भोकात बोट घालून चाचपा, काकूंचा मोजा थोडा पुढं आला असता तर इथंच सापडला असता. फिल्टरचं रबर पुसून नीट बसवा, नाहीतर पुढच्या धुण्याला खालून गळती. ड्रममध्ये दोन लिटर पाणी ओतून फक्त ड्रेन किंवा स्पिन लावा आणि कान द्या. गुणगुण येते पण पाणी येत नाही: अजून काहीतरी अडलंय. पूर्ण शांतता: वायर, कॉईल किंवा बोर्ड. हे ऐकून ठेवलंत तरी फोनवर नेमकं बोलता येतं.

पाणी पूर्ण निघूनही कोड जात नसेल तर पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरची बारीक नळी साबणाच्या गाळानं भरलेली असते आणि मशीनला वाटतं अजून पाणी आहे. नळी काढून फुंकली की मोकळी होते. यासाठीही बोर्ड बदलून दिल्याच्या पावत्या आहेत.

टॉप लोडवाल्यांना वेगळीच टोपी घालतात. आपल्याकडच्या बहुतेक फुली ऑटोमॅटिक टॉप लोडमध्ये पंप नसतोच. छोटी ड्रेन मोटर झडप ओढते आणि पाणी आपल्या वजनानं उतरतं. म्हणून त्यांचा पाईप जमिनीलगतच हवा; वर टांगला की पाणी निघत नाही. अशा मशीनच्या बिलावर ‘ड्रेन पंप’ लिहिलेला असेल तर ते बिल थापच आहे. आधी मॉडेल नंबर टाकून पंप आहे का ते बघा. सेमी ऑटोमॅटिकमध्ये नॉबला जोडलेली पट्टी किंवा दोरी सुटते, नाहीतर झडपेच्या रबरात बटण बसतं. काम थोडक्याचं.

आणखी एक चलाखी वॉरंटीवर चालते. जाहिरातीतली ‘मोटरवर दहा वर्षं’ ही ड्रम फिरवणाऱ्या मोटरची असते, ड्रेन पंपाची नव्हे. म्हणून “ड्रेन मोटर वॉरंटीत बसवून देतो, फक्त प्रोसेसिंगचे इतके भरा” असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

नंबरचं म्हणाल तर शोधताना वर येणाऱ्या नोंदी जाहिराती असू शकतात किंवा नकाशावर कुणीही टाकलेल्या. कंपनीचा नंबर मशीनवरच्या स्टिकरवर, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर बघा. फोनवरच दहा रुपयांचं ‘रजिस्ट्रेशन’ भरायला लिंक आली, व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (मोबाईलमध्ये परस्पर अ‍ॅप बसवणारी) फाईल आली किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला सांगितलं, तर तिथं मशीनशी काही देणंघेणं नाही, खात्यावर डोळा आहे. पैसे गेलेच तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आणि लगेच बँक. वेळ जाईल तशी रक्कम गोठवायची संधी कमी होते.

मिरज-सांगलीत सचोटीचे मेकॅनिक भरपूर आहेत आणि त्यातल्या अनेकांकडं जीएसटी नंबर नसतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तो घ्यावाच लागतो असं नाही, त्यामुळं नंबर नाही म्हणजे लबाड असं समजू नका. पण नंबर नसताना जीएसटी लावणं हा उघड गुन्हा आहे. महाराष्ट्रातला नंबर २७ नं सुरू होतो, १५ अक्षरांचा असतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाचा आहे ते कळतं. काकूंच्या पावतीवर जीएसटीचे १,५२१ रुपये होते, नंबरची जागा कोरी होती.

काम सुरू व्हायच्या आधीच फोनवर सांगा की जुना पार्ट इथंच राहील आणि नवा पार्ट खोक्यातून माझ्यासमोर निघेल. उघडण्यापूर्वी आणि बसवल्यावर पंप आणि बोर्डाच्या लेबलचे फोटो काढा. ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला आणि पुढं सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात हेच फोटो, पावती आणि पैसे दिल्याचा पुरावा लागतो. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, घटना घडल्यापासून दोन वर्षांत ती करता येते आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. रोख दिले असतील तर पावतीवर निदान रक्कम, तारीख आणि त्याची सही घ्या.