कांस्याचे म्हणून जस्ताचे घोडे गळ्यात मारले

१,८४,५०० रुपये. दहा हजार इसार यूपीआयने, दुसऱ्या दिवशी नव्वद हजार यूपीआयने आणि ८४,५०० रोख. आकडा आधीच लिहून टाकतोय, कारण चार महिने तो मी घरातल्यांपासूनही लपवला. वडोदऱ्यात जुन्या वस्तू घेणाऱ्यांनी तरी हे वाचावं.

मी नवखा नाही. बावीस वर्षं धातूचे प्राणी जमवतोय. बस्तरच्या ढोकरा कामाचे हत्ती, पितळी नंदी, मोराच्या समया. लहानपणी वडील कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्यायचे आणि अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींसमोर कितीतरी वेळ उभं करायचे. देशी माल मला कळतो, आजही कळतो. फसलो तो विलायती मालात.

जुन्या शहरातल्या त्या दुकानदाराकडून मी आधी दोनदा खरेदी केली होती, दोन्ही वेळा माल चोख. आता वाटतं, तेवढ्यासाठीच दिला असेल. यावेळी त्याने घोड्यांची जोडी काढली. पायथ्याशी मेन या फ्रेंच शिल्पकाराची सही. हा माणूस १८१० ते १८७९ मधला, त्याचे घोडे जगभर संग्राहक शोधत असतात. "सरदारांच्या वाड्यातला माल आहे साहेब, वाटण्या चालल्यात, नाव विचारू नका." बाहेरच्याला ही थाप वाटेल. पण हे बडोदं आहे. सयाजीरावांनी फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराला इथे आणून काम दिलं, त्याची शिल्पं लक्ष्मी विलास राजवाड्यात आहेत. अशा गावात एखाद्या वाड्यात फ्रेंच घोडे असतील, यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

"लोहचुंबक लावून बघा ने," म्हणाला. लावला, चिकटला नाही. ही चाचणी कोणी दाखवली तर तिला काडीची किंमत देऊ नका. चुंबक कांस्याला चिकटत नाही, तसा जस्तालाही चिकटत नाही. वजनही हाताला भरपूर लागलं. आत प्लॅस्टर ओतून वर हिरवी बनात चिकटवली होती, हे नंतर कळलं.

आणि तो स्क्रू. घोडा उलटा धरला तेव्हा बनातीचा एक कोपरा सुटला होता आणि खाली स्क्रूचं डोकं चमकत होतं. त्यावर अधिकचं चिन्ह, हल्लीच्या कपाटाच्या बिजागरीला असतं तसं. मी पाहिलं. नीट पाहिलं. बोट फिरवून पाहिलं. फुलीच्या खाचेचे हे स्क्रू १९३० नंतरच्या दशकात बाजारात आले. ज्या माणसाचा मृत्यू १८७९ चा, त्याच्या हातच्या कामात हा स्क्रू येईल कुठून? मी विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "तळ मागाहून बदललाय." जुन्या वस्तूंचे तळ बदलतात, हे मलाही माहीत होतं, म्हणून मी गप्प बसलो. त्या क्षणी घोडा खाली ठेवून उठायला हवं होतं. आजही रात्री जाग येते तेव्हा डोळ्यांसमोर सहीही येत नाही, घोडाही येत नाही, तो स्क्रू येतो.

बिलावर त्याने 'धातूचे शोपीस, २ नग, १०,०००' एवढंच लिहिलं. पूर्ण बिल मागितलं तर कर वाढेल म्हणाला. मी ऐकलं. रोखीत व्यवहार आणि तोकडं बिल एकत्र आलं की उठा, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

दिवाळीच्या साफसफाईत एक घोडा आडवा पडला आणि पाय मोडला. कांसं वाकतं, असं काडीसारखं तुटत नाही. आतून राखाडी, दाणेदार. गल्लीतल्या भंगारवाल्याने कानस मारून सांगितलं, "काका, जस्त आहे, वरून रंग." त्याला एक मिनिट लागलं. मला १,८४,५०० रुपये लागले.

घरच्या डिजिटल काट्यावर आधी कोरडं वजन घ्या, मग दोरीने पाण्यात लटकवून घ्या. वजनात आलेल्या घटीने कोरड्या वजनाला भागा. कांसं पावणेनऊच्या आसपास येतं, जस्त सातच्या. पोकळीत हवा राहू देऊ नका, आणि बनात काढू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही. पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा, "काका, राजीखुशीने पैसे दिलेत ना? दिवाणी मामला आहे." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर पैसे दुकानात समोरासमोर दिलेत, ही सायबर फसवणूक नाही म्हणाले. दुसऱ्यांदा ठाण्यातले साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा एकाने मलाच दम दिला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणता, मग पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याखाली तुमचीच चौकशी लावू का? म्हणजे वस्तू खरी असती तर मी गुन्हेगार, आणि खोटी निघाली म्हणून माझी तक्रार नाही! त्याच कायद्यात शंभर वर्षांवरचा माल विकायला दुकानदाराला परवाना लागतो. तो परवाना त्याला एकाने तरी विचारला का? तुम्ही विचारा, पैसे काढायच्या आधी विचारा.

न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. लेखी तक्रार पोस्टाने पोलीस आयुक्तांकडे पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. ग्राहक आयोगातही अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मला एकाही कार्यालयात कोणी सांगितलं नाही. पण आता १०,००० च्या बिलावर बाकीचे पैसे सिद्ध करायचे आहेत. नव्वद हजारांचा यूपीआयचा पुरावा आहे. रोख ८४,५०० ला साक्षीदार नाही.

गेल्या आठवड्यात इंदूरच्या एका मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. घोड्यांची जोडी, वाड्यातला माल, २,१०,००० रुपये. डाव्या घोड्याच्या कानामागे ओतकामातला बारीक खड्डा दिसतो. माझ्या घोड्याला तिथेच, तसाच खड्डा आहे.