पेढी बंद झाली, मग हिनं जिथं नेलं ते क्लिनिक: चार स्टार

मानसोपचाराचं क्लिनिक, सांगलीत विश्रामबागेत आहे, नाव टाकत नाही कारण तक्रार पण करायचीय.

मी हळदीच्या अडतीवर १८ वर्षं दिवाणजी होतो. दिवाळीत भागीदारांचं फाटलं, पेढी बंद आणि मी घरी. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग रात्री तीनला जाग यायला लागली, डोक्यात तेच हिशोब, कुणाचं कुठं चुकलं, आपण आधीच बोललो असतो तर, आणि मार्केट यार्ड दिसू नये म्हणून मी कुठं पण जायचं तर लांबनं जायला लागलो. हिनं महिनाभर बघितलं आणि नंबर लावला. मी म्हणलं मला काय वेड लागलंय का.

सहाची वेळ दिलेली, आत घेतलं सव्वासातला. त्यात काउंटरवरच्या पोरीनं भर हॉलमध्ये मोठ्यांदा विचारलं, "झोपेचा त्रास का टेन्शनचा?" शेजारी आमच्या गल्लीतले काका. (ते तिथं का बसलेले, हे घरी आल्यावर डोक्यात आलं.)

मग फॉर्म. दोन पानं, पॅडला दोऱ्यानं बांधलेलं पेन. पहिल्या पानावर घटनांची यादी, घटस्फोट, आजारपण, नोकरी जाणं, पैशाची ओढाताण, घरातली भांडणं, जे घडलंय त्यावर टिक. मी एकच करणार होतो, हिनं कोपर मारून अजून दोन करायला लावल्या. दुसऱ्या पानावर त्याचे विचार सारखे येतात का, आठवण होईल ते टाळता का, झोप, कामात लक्ष, आणि पुढं कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. मराठी मात्र भयाण, "विचार पुनःपुन्हा उद्भवतात काय". आमच्या आईला दिलं असतं तर स्तोत्र म्हणून वाचलं असतं.

मॅडमनी बेरीज केली, मला वाटलं आता निकाल. तर म्हणल्या, "ही नुसती चाळणी आहे हो, निदान नाही." मग भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून पेढी कधी बंद झाली, जाग कधीपासनं, यार्ड टाळणं कधीपासनं, एकेक विचारलं. याला अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे घडलेल्या गोष्टीशी जुळवून घेता न आल्याचा त्रास; अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या पुस्तकाप्रमाणं घटनेनंतर ३ महिन्यांच्या आत सुरू होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत साधारण १ महिना धरलाय. ताण आणि त्याचे परिणाम संपले की शक्यतो ६ महिन्यांत उतरतं. माझी नोकरी अजून नाहीच म्हणजे ताण चालूच, म्हणून रेंगाळू पण शकतं, हे गोड न करता सांगितलं ते आवडलं. डिप्रेशनचे ९ प्रश्न वेगळे घेतले, शेवटचा जीव नकोसा वाटतो का, तो नजर न चुकवता विचारला. थायरॉईड करून आणा म्हणल्या. गोळी नाही.

पहिल्या वेळचे ६०० घेतले, पाऊण तास दिला. तेवढे जमत नसतील तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

एक स्टार हॉलमधल्या त्या प्रश्नाचा कापला. यार्डात एकदा जाऊन या असं सांगितलेलं, गुरुवारी गेलो, गेटपर्यंत, हळदीचा वास आला आणि गाडी वळवली. पुढच्या वेळी सांगितलं तर मॅडमनी "गेटपर्यंत" असंच लिहून घेतलं.

पार्किंग नाही, गाडी गल्लीच्या तोंडालाच लावा.