डोकं शांत करायचंय : गोराईचं शिबिर की गुहागरची वाडी?

फोन वाजला की छातीत धस्स होतं, अंथरुणाला पाठ टेकली की नेमकं उद्याचं काम आठवतं. असं झालं की रजा टाकून कुठेतरी समुद्राकाठी जावं, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. घोडं अडतं ते पुढे. मौन धरून बसायचं की नुसतं पडून राहायचं?

गोराईला ग्लोबल विपश्यना पॅगोड्याच्या आवारात धम्म पत्तन केंद्र आहे. बोरिवलीकडून खाडी ओलांडली की पोचलात. विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंकांच्या पद्धतीचं 10 दिवसांचं निवासी ध्यानशिबिर, फी नाही, शेवटी वाटलं तर दान. पहाटे 4 ला घंटा. दिवसाला 10 तासांच्या आसपास बैठक. फोन, पुस्तक, वही-पेन सगळं बंद आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन. अकराच्या जेवणानंतर नव्या साधकाला संध्याकाळी फळं आणि चहा, बस्स. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवशी शरीरावरच्या संवेदना बघायला शिकवतात.

ही मेहनत आहे, आराम नव्हे. आधीच झोप उडालेली असेल तर डोळे मिटून दहा तास बसल्यावर तेच विचार दुप्पट आवाजात ऐकू येतात. शिवाय मधेच उठून येऊ नये, अशी अपेक्षा असते. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना केंद्रवालेच येऊ नका म्हणतात, तेव्हा अर्जात गोळ्या लपवू नका.

गुहागरचा हिशेब निराळा. चिपळूण स्टेशनला उतरून एसटी धरायची, नारळी-पोफळीच्या वाडीतलं घरगुती राहणं बघायचं. इथे कुणी शिस्त लावत नाही. काकू फार तर विचारतील, ‘मासे चालतात ना हो?’ धोका एकच. रेंज असली की माणूस झोपाळ्यावर बसूनही ऑफिसचा ग्रुप चाळतो. म्हणून हाताला काम मागून घ्या. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसा. फळ मधोमध चिरायचं, बिया आणि गर एका पातेल्यात, साल दुसरीकडे. मग सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा बुडवायची. बोटं लालभडक होतात, फोन धरवत नाही! मन अशा कामात जितकं रमतं तितकं रिकाम्या किनाऱ्यावर रमत नाही, असं माझं स्पष्ट मत. रात्री अंथरुणात चार मोजून श्वास आत, सात-आठ मोजून बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात.

माझा कौल असा : थकवा ताजा असेल तर आधी गुहागर, झोप सुधारली की मग गोराई. फक्त सवयीने विचार करत राहणारा, पण खाणं-झोप शाबूत असलेला माणूस थेट गोराईला गेला तरी चालेल.

पण दोनेक आठवडे झोप नाही, भूक नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर दोन्ही बेत बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट चालतो. मराठीतही बोलता येतं.

गुहागर ठरलंच तर मेची खोली आधी धरा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताटात ताजी मासळी कमी आणि समुद्रात उतरायचं नाव नको. पण पर्यटक पांगलेले असतात, भाडंही उतरतं.