पार्थेनॉनची शिल्पं: लंडनला बघावीत की अथेन्सला?

युरोपच्या सहलीत सुट्टी, व्हिसा आणि पैसे सगळंच मोजूनमापून असतं, त्यामुळे शिल्पांच्या वेडापायी दोन्हीकडे जाणं सगळ्यांना जमत नाही. पार्थेनॉन म्हणजे अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचं अथीना देवीचं प्राचीन देऊळ, आणि त्याची शिल्पं आता मुख्यतः दोन शहरांत वाटली गेलीत. मग लंडनचं ब्रिटिश म्युझियम की अथेन्सचं अक्रोपोलिस म्युझियम? लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने ही शिल्पं नेली ते योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवतो. मी दोन्ही पाहिलीत, तेवढ्यावरच बोलतो.

सुरुवातीला लंडनचंच पारडं जड वाटतं. प्रवेश फुकट, आणि पूर्वेकडच्या त्रिकोणी माथ्यावरचा सेलीनीचा, म्हणजे चंद्रदेवीचा, घोडा तिथे आहे. रात्रभर चंद्राचा रथ ओढून दमलेला, नाकपुड्या फुललेल्या. त्याच्यासमोरून माझा पाय निघेना. अथेन्सला त्याच्या जागी प्लास्टरची प्रतिकृती आहे, आणि ती प्रतिकृतीच वाटते.

पण लंडनला एक गोष्ट डोक्यात गेली ती गेलीच. मिरवणूक कोरलेला सुमारे १६० मीटरचा शिल्पपट्ट मूळ देवळात गाभाऱ्याच्या भिंतीवर बाहेरच्या अंगाने होता. पश्चिमेकडून आलेला माणूस कडेकडेने पूर्वेला जाई, तसे खांबांच्या फटींतून घोडेस्वारही त्याच्याबरोबर निघत. लंडनला त्याचा जवळजवळ निम्मा भाग दालनाच्या भिंतींवर आत तोंड करून लावलाय. आपण मध्ये उभे आणि मिरवणूक चहूबाजूंनी. देवळाची आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत! हे लक्षात आल्यावर मला तिथे देऊळ दिसेचना, नुसते सुंदर दगड दिसत राहिले. इतरांना कदाचित एवढं खुपणार नाही.

अथेन्सला हीच अडचण सुटलीय. २००९ साली उघडलेल्या या इमारतीत वास्तुरचनाकार बर्नार्ड चूमी यांनी सगळ्यात वरचं दालन पार्थेनॉनच्या दिशेलाच वळवलंय, आणि मधला गाभा मूळ गाभाऱ्याच्या मापाचा ठेवलाय. पट्ट त्याच्या बाहेरून फिरतो. आपण प्रदक्षिणा घालायची. कोपरा वळलो की मिरवणूकही वळते. नैऋत्येला फुटलेल्या दोन रांगा पूर्वेला देवांपाशी येऊन भेटतात, हे पुस्तकात वाचलेलं तिथे पायांना कळलं. मूळचा १२ मीटर उंचीवरचा पट्ट इथे डोळ्यांसमोर, आणि काचेपलीकडे टेकडीवर खरं पार्थेनॉन. पिवळसर संगमरवरामधले पांढरेफटक प्लास्टरचे तुकडे खटकतात खरे, पण काय कुठे गेलंय तेही लगेच समजतं.

लंडनला कुणी नातेवाईक असतील, जाणं होणारच असेल, तर घोडा चुकवू नका. मुद्दाम खर्च करून एकाच ठिकाणी जायचं असेल, तर माझ्या मते अथेन्स. तिकीट लागतं. सकाळी लवकर पोहोचून थेट वरचा मजला गाठा. खालच्या मजल्यांवरच्या मूर्ती उतरताना निवांत बघता येतात.