अंबडमध्ये बनवून घेतलेले लाकूड फोडण्याचे हायड्रॉलिक यंत्र

वखारीतून येणारे बाभळीचे आणि आंब्याचे ओंडके कुऱ्हाडीने फोडून देणारा माणूस आता सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे नाशिकमधील मखमलाबाद रस्त्यावरील आमच्या चुलीवरच्या मिसळीच्या हॉटेलासाठी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून आम्ही तेलाच्या दाबावर चालणारे हे यंत्र बनवून घेतले. ढोबळ आराखडा आमचा होता. पंपाची निवड, वेल्डिंग आणि जुळणी त्यांची.

सर्वांत समाधान वाटले ते लोखंड कापण्याआधी त्यांनी कागदावर मांडलेल्या हिशेबाचे. आमच्याकडे ५ अश्वशक्तीची थ्री फेज मोटर होती. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने तेल गेले, तर दट्ट्याला सुमारे १२ टनांचा जोर मिळतो. मात्र त्या दाबाला ही मोटर मिनिटाला ११ ते १२ लिटर तेलच रेटू शकते, म्हणून ४५० मिलिमीटर पुढे जायला दट्ट्याला साधारण १८ सेकंद लागतील, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. नुसता मोठा पंप बसवून वेग वाढवला असता, तर गाठीच्या लाकडावर मोटरवर ताण आला असता. ज्यांना दिवसभर लाकूड फोडायचे आहे, त्यांनी दोन टप्प्यांचा पंप मागावा, कारण तो मोकळ्या चालीत जास्त तेल देतो आणि अडथळा लागताच कमी तेलावर पूर्ण दाब धरतो.

काम उत्तम आहे. बाभळीचा वाळलेला ओंडका गर्डरवर ठेवून लिव्हर दाबला की पाचर आधी जेमतेम बोटभर रुतते, प्रेशर गेजचा काटा चढत जातो, टोकाकडून उभी चीर धावते आणि काटा एकदम खाली येतो. नीलगिरीचे मात्र तसे नाही. तिचे तंतू पिळलेले असल्याने पाचर आरपार गेली तरी दोन्ही फाका एकमेकींना धरून राहतात आणि शेवटी कुऱ्हाड घ्यावीच लागते. हा दोष यंत्राचा नव्हे. लिव्हर सोडताच दट्ट्या जागीच थांबतो, ही सोय मला वेगापेक्षा मोलाची वाटते.

तक्रारी दोन आहेत. पाचरीच्या बाजूंना फळ्या नसल्याने फुटलेले लाकूड थेट पायाशी पडत होते. त्या त्यांनी नंतर जोडून दिल्या, पण वेगळे पैसे घेतले, आणि ते मला पटलेले नाही. दुसरी तक्रार गंभीर आहे. दाबाचा होस, म्हणजे दाबाखालचे तेल वाहून नेणारी नळी, यंत्र चालवणाऱ्याच्या हाताशेजारून नेलेला होता. होसला सुईएवढे छिद्र पडले तरी त्यातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते, म्हणून गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. आम्ही आग्रह धरल्यावर त्यांनी होस गर्डरखालून वळवला आणि त्यावर जाड आवरण चढवले. नवीन ऑर्डर देणाऱ्यांनी ही जागा आराखड्यातच ठरवून घ्यावी.