पंचवटीतली मोडी वाचन सेवा: अक्षर पक्कं, सन मात्र तपासून घ्या

गावाचा इतिहास लिहायचा तर आधी मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडावा लागतो, आणि मग वाचणारा शोधावा लागतो. कुणबी नोंदींमुळे 2023 पासून नाशकात मोडी वाचणाऱ्यांकडे रीघ लागली आहे. पण एका नावापुढची जात शोधणं वेगळं आणि अख्खा महजर, म्हणजे जुन्या तंट्याचा लेखी निवाडा, वाचणं वेगळं. ही सेवा महजरही वाचून देते, म्हणून मोलाची.

मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. तरी इथून येणारी देवनागरी प्रत ओळीला ओळ जुळते. फाटक्या जागी टिंबं देतात, अंदाजाने भरत नाहीत. शिक्का आणि 'मोर्तब सूद', म्हणजे कागद संपल्याची मुद्रा, कुठे आहे तेही टिपतात.

गडबड होते ती सनात. मराठी अमलातले कागद बहुधा शुहूर सनाचे, ही तेव्हाची दफ्तरी कालगणना, आणि आकडा अरबी शब्दांत, एककापासून वर चढत जाणारा. 'सबैन मया व अलफ' म्हणजे 70, 100 आणि 1000 मिळून 1170. त्यात 599 मिळवले की 1769-70, म्हणजे माधवराव पेशव्यांचा काळ. हाच आकडा फसली, म्हणजे महसुली सन समजला तर 590 मिळवून 1760-61 येतं, आणि कागद पानिपताच्या वर्षात जाऊन पडतो. दोन्ही सन मृगापासून सुरू होतात, म्हणून महिन्यावरून चूक कळत नाही. सबा सात आणि सबैन सत्तर, समान आठ आणि समानीन ऐंशी. शेपटीचं एक अक्षर सुटलं तरी साठ-सत्तर वर्षांचा फरक पडतो. तेव्हा ख्रिस्ती सनाबरोबर मूळ शब्दही लिहून मागा.

दुसरी खोट कागद कुणाच्या अमलातला या वर्गवारीची. नाशिकचं गुलशनाबाद होतं तेव्हाचे सगळे कागद इथे 'मोगलाई' म्हणून एका गठ्ठ्यात जातात. पण 1719 च्या सनदांनंतर दख्खनच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांची चौथाई (वसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (वर शेकडा दहा) बसली, म्हणजे एकाच गावाचा वसूल दोन धन्यांना. ही दुअंमली जमाखर्चातच दिसते: बाबती, मोकासा, साहोत्रा, नाडगौंडा हे चौथाईचे वाटे आहेत. साहोत्रा म्हणजे शेकडा सहा. ते आडनाव समजून वाचलं की गावचा निम्मा इतिहास गेला. नुसतं देवनागरी घ्या, वर्गवारी स्वतः करा.

बिघा या जुन्या जमीनमापाचे एकरही त्यांच्याकडून करून घेऊ नका. 20 काठ्यांचा पांड आणि 20 पांडांचा बिघा हे ठरलेलं, पण काठीची लांबी जागोजाग वेगळी. 1818 नंतर इंग्रजी अंमल आला, पुढे मोजणी झाली. तेव्हाच्या शेतवार पत्रकातले एकर-गुंठे त्याच शेताशी ताडून पाहिले तरच पक्का ताळा मिळतो.

कागद देताना घडी हाताने दाबू नका, घडीवरची शाई आधी निघते. फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून, पाठपोट दोन्ही बाजूंचा घ्या. कोऱ्या वाटणाऱ्या पाठीवरच पुष्कळदा तारीख किंवा शेरा असतो. चांदवडकडचा कागद असेल तर होळकरांचा अंमल आधीच सांगून ठेवा, म्हणजे वाचताना नावं अडत नाहीत.